मिसिसिपी, मार्गे गौलीगुडा

जॅझच्या जुन्या लाँगप्ले तबकड्या जमवण्याचा छंद संगीताच्या छंदांत मोडतो, असा एक समज आहे. प्रत्यक्षात तो पोस्टाची तिकिटे, जुनी नाणी आणि जमिनीचे सातबारा उतारे यांना जास्त जवळचा आहे. तबकडी वाजते, हा तिचा एक गुण झाला. संग्राहकाला ती वाचता येते, हुंगता येते, उजेडात तिरकी धरून पाहता येते आणि दुसऱ्या संग्राहकाला दाखवून लगेच परत घेता येते. वाजवल्याने ती झिजते. म्हणून जी जितकी मोलाची, ती तितकी कमी वाजते. आणि सर्वांत मोलाची तबकडी कापडात गुंडाळून कपाटात, साधारण घराच्या कागदपत्रांशेजारी राहते.

लाँगप्ले १९४८ साली अमेरिकेत कोलंबिया कंपनीने बाजारात आणली. व्यास बारा इंच, वेग मिनिटाला ३३⅓ फेरे, आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटांचे संगीत. ही सगळी मिनिटे एकाच अखंड खाचेत बसलेली असतात. ती खाच उलगडून सरळ केली तर एका बाजूची लांबी जवळपास अर्धा किलोमीटर भरते. म्हणजे हैदराबादेत गौलीगुडा चमनपासून सुई चालू लागली, तर पुतलीबावलीच्या आसपास पहिली बाजू संपेल. तेवढे अंतर कापायला सिटी बसलाही अनेकदा बावीस मिनिटे लागतात, त्यामुळे गौलीगुड्याच्या रहिवाशाला हे गणित चटकन पटते.

त्याआधीची ७८ फेऱ्यांची तबकडी लाखेची होती. लाख बनवणारा किडा पळस, कुसुंब, बोर अशा झाडांवर राहतो, आणि जगाला लागणारी लाख मुख्यतः हिंदुस्थानातूनच जात असे. लुई आर्मस्ट्राँगने १९२० च्या दशकात शिकागोत फुंकलेले सूर ज्या तबकड्यांवर उमटले, त्यांच्या लाखेचे मूळही याच बाजूच्या जंगलांत होते. तरीही आज गौलीगुड्यातला संग्राहक जॅझला ‘परदेशी माल’ म्हणतो आणि त्यावर कस्टम्सचा कर भरतो.

गौलीगुड्याचा जॅझशी दुसरा संबंध नावाचा आहे, आणि नावापुरताच आहे. जॅझ न्यू ऑर्लिन्सला, मिसिसिपी नदीच्या मुखाजवळ जन्मले. नदीतल्या प्रवासी बोटींवर वाजत वाजत वरच्या शहरांत गेले. आर्मस्ट्राँगनेही तरुणपणी अशा बोटींवर कॉर्नेट वाजवला. हैदराबादेत मिसिसिपी होती ती गौलीगुड्याला. निजामाच्या काळात विमानांसाठी आणलेला अर्धगोल पत्र्याचा एक प्रचंड अमेरिकी हँगर तिथे उभा होता, आणि त्याला ‘मिसिसिपी हँगर’ असेच म्हणत. १९३२ साली निजामाच्या रेल्वे खात्याने रस्ता वाहतूक सुरू केली, तेव्हा २७ बसगाड्यांच्या त्या संसारासाठी हा हँगर कामी आला. पुढे तोच शहराचा बसस्टँड झाला. १९९४ साली लांब पल्ल्याच्या गाड्या इमलीबनच्या नव्या स्थानकात गेल्या आणि हँगरखाली शहर बसगाड्या उरल्या. ५ जुलै २०१८ च्या पहाटे तो आपोआप कोसळला. इंजिनियरांच्या इशाऱ्यावरून तो थोडे दिवस आधीच रिकामा केला होता, म्हणून कुणाला इजा झाली नाही. या वास्तूत जॅझ कधी वाजल्याचे कुणी सांगत नाही. पण पत्र्याच्या घुमटाखाली एकाच वेळी वीस ड्रायव्हर भोंगे वाजवत, प्रत्येकाचा सूर वेगळा, प्रत्येकाची लय स्वतंत्र, आणि मधूनच एखादा कंडक्टर एकट्याने लांबलचक तान घेई. जॅझ म्हणजे काय, हे समजावून सांगण्याची गरज या परिसराला तशी कमीच होती.

संग्राहकाची जडणघडण पाहायची तर ब्लू नोटपासून सुरुवात करावी लागते. ही कंपनी १९३९ साली न्यूयॉर्कमध्ये सुरू झाली. तिचा संस्थापक आल्फ्रेड लायन जर्मनीतून आलेला, छायाचित्रकार फ्रान्सिस वुल्फ हा त्याचा तिकडचाच मित्र, आणि ध्वनिमुद्रण करणारा रूडी व्हॅन गेल्डर हा पेशाने डोळे तपासून चष्म्याचा नंबर काढून देणारा. हा गृहस्थ दिवसा दवाखाना चालवी आणि एरवी न्यू जर्सीतल्या हॅकेनसॅक गावी आईवडिलांच्या दिवाणखान्यात जगातले नामांकित वादक बसवून ध्वनिमुद्रण करी. आईवडिलांनी ते वर्षानुवर्षे चालू दिले. मराठी घरात दिवाणखान्यातला एक सोफा जरी ड्रमसेटसाठी सरकवला असता, तर जॅझचा इतिहास बराच आटोपशीर झाला असता.

या कंपनीच्या मूळ तबकडीवर, गाणे संपल्यावर आतल्या बाजूला जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यावर व्हॅन गेल्डरची आद्याक्षरे असतात. शिवाय १९६६ पर्यंतच्या प्रतींवर एक बारीक खूण असते. ती खरे तर कारखान्याच्या नावातले ‘पी’ हे अक्षर आहे, पण दिसते कानासारखी, म्हणून जगभरचे संग्राहक तिला ‘कान’च म्हणतात. कान असलेली प्रत अस्सल पहिल्या काळातली, बिनकानाची नंतरची. त्यामुळे स्वतःला गाण्याचा कान नसलेला माणूसही भिंग आणि बॅटरी घेऊन तबकडीचा कान शोधत असल्याचे दृश्य या छंदात नित्याचे आहे.

कानानंतर पत्ता. तबकडीच्या मधल्या गोल कागदावर कंपनीचा पत्ता छापलेला असतो, आणि कंपनीने बिऱ्हाड बदलले की पत्ता बदलतो. ब्लू नोटसाठी ‘४७ वेस्ट ६३’ हा पत्ता उत्तम. प्रेस्टिज कंपनीचा ‘४४६ वेस्ट ५०’ उत्तम. तीच कंपनी न्यू जर्सीतल्या बर्गनफील्डला गेल्यानंतरची प्रत तितकीशी नाही. अशा रीतीने मुरलेल्या संग्राहकाला १९५७ सालच्या मॅनहॅटनमधली दुकाने, मजले आणि बिऱ्हाडबदल तोंडपाठ होतात. गॅस सिलिंडरवाल्याने फोनवर घराचा नंबर विचारला, की मात्र तो आत बायकोला हाक मारतो. हैदराबादी घरनंबर वॉर्ड, ब्लॉक, घर आणि वर दोन-तीन ‘बटा’ असा असतो, त्यामुळे दोष सर्वस्वी त्याचा नाही. तबकडीवरचे खोदीव नंबर याच धाटणीचे असून ते त्याला पाठ आहेत, एवढेच.

या कंपन्यांचे एकमेकींशी नाते घराण्यांसारखे असते, असे समजले की मराठी वाचकाला पुढचे सगळे सोपे जाते. ब्लू नोट, प्रेस्टिज, रिव्हरसाइड, इम्पल्स ही घराणी. ‘ऑटम लीव्ह्ज’ ही चीज. चीज तीच, बढत प्रत्येकाची वेगळी. मालकंस घरात एकाचाच असून भागत नाही, केसरबाईंचाही हवा आणि आमीर खाँसाहेबांचाही, हे ज्या घरात मान्य आहे त्या घरात ‘ऑटम लीव्ह्ज’च्या अकरा तबकड्या खपून जायला हव्यात. जात नाहीत. “हे गाणं परवाच आणलं होतं ना?” हा प्रश्न येतोच, आणि त्यातली ठेका धरणारी व्यक्ती वेगळी आहे हे उत्तर कोणत्याही घरात समाधानकारक मानले जात नाही.

सर्वांत प्रसिद्ध उदाहरण माइल्स डेव्हिसच्या ‘काइंड ऑफ ब्लू’चे. ही तबकडी १७ ऑगस्ट १९५९ रोजी निघाली. ध्वनिमुद्रणाच्या पहिल्या दिवशी टेपयंत्र किंचित हळू चालत होते, त्यामुळे पहिल्या बाजूची तिन्ही गाणी तबकडीवर किंचित जलद आणि साधारण पाव सूर चढी उमटली. तीस वर्षांहून अधिक काळ जगाने ती चढीच ऐकली. १९९२ साली चूक दुरुस्त झाली. आता योग्य सुरातली प्रत कुठेही नवी मिळते. संग्राहकाला हवी असते ती चुकलेली. तीतही पाठच्या बाजूला दोन गाण्यांच्या नावांची अदलाबदल झालेले कव्हर असेल तर उत्तमच. सूर चुकलेला, छपाई चुकलेली आणि किंमत अवाच्या सवा: असा योग जुळला की संग्राहकाला त्या रात्री झोप येत नाही.

मालाच्या अवस्थेसाठी जगभर एक प्रतवारी ठरली आहे. ‘मिंट’ म्हणजे कुणीही न वाजवलेली. ‘निअर मिंट’ म्हणजे वाजवून नाही म्हणणारी. ‘व्हेरी गुड प्लस’ म्हणजे बरी. ‘व्हेरी गुड’ म्हणजे खरखर आहे. ‘गुड’ म्हणजे खरखरीच्या मागे कुठेतरी संगीतही आहे. लग्नाच्या स्थळांची भाषा ज्यांना येते त्यांना ही प्रतवारी शिकवावी लागत नाही. मुलगा ‘होतकरू’ आहे, हे कळल्यावर जे समजायचे, तेच तबकडी ‘गुड’ आहे हे कळल्यावर समजावे.

जुमेरात बाजारात ही प्रतवारी चालत नाही. पुराना पुलाजवळ दर गुरुवारी भरणारा हा जुन्या मालाचा बाजार गौलीगुड्यापासून फार लांब नाही. तिथे दोनच प्रती असतात: ‘एकदम कंडिशन’ आणि ‘ऐसाइच आता साब’. रविवारी आबिडसच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांचा बाजार भरतो. तिथेही पुस्तकांच्या थप्पीत अधूनमधून तबकड्या निघतात. दोन्हीकडे एक नियम पाळावा लागतो, तो म्हणजे हवी असलेली वस्तू पहिल्यांदा उचलायची नाही. डोळे चमकले की भाव चढला.

“क्या होना साब?”

“कुछ नक्को. ऐसेच देख रहा हूँ.”

“अंग्रेजी रिकॉर्डां होना? परसों बहुत आए थे. एक साब पूरे लेको गए.”

हैदराबादी ‘परसों’चा अर्थ पंचांगात सापडत नाही. तो मागच्या आठवड्यापासून चारमिनार बांधल्याच्या वर्षापर्यंत कुठलाही दिवस असू शकतो. पण नवख्या संग्राहकाच्या काळजात तो शब्द सुरीसारखा जातो. तो ‘एक साब’ कोण, या चिंतेत पुढचे गुरुवार जातात. त्याच्याआधी पोचण्यासाठी तो पहाटे उठू लागतो, आणि हळूहळू तिसऱ्याच कुणाला सांगितल्या जाणाऱ्या हकिकतीतला ‘एक साब’ तो स्वतःच होतो.

थप्पीत सॅक्सोफोनवाला कोल्ट्रेन दिसला तर अनुभवी माणूस आधी ‘शोले’च्या संवादांची तबकडी उचलतो, तिची किंमत विचारतो, महाग आहे म्हणून कुरकुरतो, मग रफीची भजने चाळतो, आणि शेवटी “ही एक वरती टाक” अशा आविर्भावात कोल्ट्रेन पुढे सरकवतो. ही युक्ती बहुधा यशस्वी होते. तिची किंमत एवढीच, की हैदराबादेतल्या बहुतेक जॅझसंग्रहांत ‘शोले’च्या संवादांच्या तीन-चार प्रती आढळतात.

माल येतो कुठून, हेही पाहिले पाहिजे. हैदराबादेतल्या इंग्रजी तबकड्यांचा मुख्य झरा मुसी नदीच्या काठी नसून सिकंदराबादच्या बाजूला आहे. तिथे छावणी होती, क्लब होते, लालागुडा आणि मेट्टुगुड्याच्या रेल्वे वसाहतींत अँग्लो-इंडियन कुटुंबे होती. त्यांतली अनेक कुटुंबे पुढे ऑस्ट्रेलियाला आणि इंग्लंडला गेली. पियानो विकले, कुत्रे नातेवाइकांना दिले, तबकड्या कबाड्याला. मात्र या मंडळींचे खरे प्रेम जिम रीव्ह्जवर होते. त्यामुळे जॅझ शोधणाऱ्याला जिम रीव्ह्जच्या राशी उपसाव्या लागतात. त्यानंतर क्लिफ रिचर्ड, मग बोनी एम, मग जेम्स लास्टचा वाद्यवृंद. या सर्वांच्या तळाशी एखादा एलिंग्टन लागतो, आणि तोही बहुधा कव्हरात नसतो. कव्हरात नाताळची गाणी असतात.

सुलतान बाजार, बडी चावडी, काचीगुडा, गौलीगुडा या भागांतल्या जुन्या मराठी घरांतून निघणारा माल वेगळा. त्यात गीतरामायण, भीमसेनांची अभंगवाणी, पु.लं.च्या तबकड्या आणि लताबाईंनी गायलेले ज्ञानेश्वर असतात. त्यांची निगा मात्र अशी राखलेली असते, की संग्राहकाला हेवा वाटावा. प्रत्येक कव्हरावर मालकाचे नाव, खरेदीची तारीख आणि वाटेत पाऊस लागला असल्यास त्याची नोंद. जागतिक प्रतवारीत कव्हरावर पेनाने लिहिलेले असणे हा मोठा दोष आहे. मराठी घरात तो पुरावा आहे.

घरी आल्यावर तबकडीचे हाल संपत नाहीत. तबकड्या पुस्तकांसारख्या उभ्या ठेवायच्या असतात. आडव्या रचल्या तर वरच्यांच्या भाराने खालच्या वाकतात. कव्हरासह एकेक सरासरी पाव किलोच्या पुढे भरते, म्हणजे चारशेंचा संग्रह शंभर किलोंहून जड. जुन्या गौलीगुड्यातल्या लाकडी तुळयांच्या घरात एवढे वजन कुठल्या भिंतीला लावायचे, यावर कौटुंबिक बैठक होते. बैठकीत भिंतीपेक्षा संग्राहकाविषयी अधिक बोलले जाते. मे महिन्यात पारा बेचाळिसावर जातो आणि पत्र्याखालची तबकडी पापडासारखी वळते. पावसाळ्यात कव्हरांवर बुरशी, बारा महिने कसर. व्हॅन गेल्डरच्या आद्याक्षरांना जपानमध्ये जो मान मिळतो, तो हैदराबादी कसरीकडून मिळत नाही. ती पहिली आणि नंतरची आवृत्ती सारख्याच आवडीने खाते.

धूळ काढण्याचे अनेक उपाय सांगितले जातात. त्यांपैकी सर्वांत अविश्वसनीय उपाय खरा आहे. तबकडीवर लाकूडकामाचा पांढरा गोंद, म्हणजे सुताराचा फेव्हिकॉल, जाड थरात पसरायचा, रात्रभर वाळू द्यायचा आणि सकाळी पातळ सालीसारखा सोलून काढायचा. खाचेतली धूळ सालीबरोबर येते. मधल्या कागदावर गोंद गेला तर मात्र कागदही येतो, आणि त्याबरोबर ‘४७ वेस्ट ६३’ हा पत्ताही. हा प्रयोग पहिल्यांदा घरच्यांसमोर करू नये.

वाजवण्याच्या यंत्राविषयी थोडक्यात. सत्तरीच्या दशकात मध्यमवर्गीय घरात एचएमव्हीचा फिएस्टा असे. असल्या यंत्रांची सुई तबकडीवर चांगलीच भार टाकून चाले. सुई उड्या मारू लागली की तिच्या डोक्यावर एक पावली ठेवायची, हा सर्वमान्य उपचार होता. २५ पैशांचे ते जुने नाणे अडीच ग्रॅमचे. आजच्या चांगल्या सुईचा एकूण भार दीड-दोन ग्रॅम असतो, म्हणजे त्या काळी नुसते टॉनिकच आजच्या आख्ख्या जेवणापेक्षा जड होते. जुन्या हिंदुस्थानी तबकड्यांतली खरखर ही बव्हंशी या पावल्यांची कमाई होय. नव्या यंत्राचा पट्टा तुटला तर कोठीच्या गुजराती गल्लीत जावे लागते. तिथे इलेक्ट्रॉनिक वस्तूंचे काहीही मिळते, पट्टाही मिळतो. तो कधीकधी शिलाई मशीनचा निघतो, आणि मग माइल्स डेव्हिस आणखी पाव सूर चढतो.

आता हिंदुस्थानातल्या जॅझविषयी, कारण संग्राहक या प्रकरणाकडे सर्वांत शेवटी वळतो. १९३५ साली लिऑन ॲबी आपला कृष्णवर्णीय वाद्यवृंद घेऊन मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. पियानोवादक टेडी वेदरफर्ड इथेच रमला आणि १९४५ साली कलकत्त्यात कॉलऱ्याने वारला. त्यांच्याबरोबर वाजवून गोव्याची पोरे तयार झाली. त्यांतला आंतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हा ‘हिंदुस्थानचा आर्मस्ट्राँग’ म्हणून गाजला. पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांनी त्याचे ट्रंपेट हिंदी चित्रपटसंगीतात आणले. भगवानदादांच्या ‘अलबेला’त (१९५१) चिक चॉकलेट आपल्या वादकांसह पडद्यावरही दिसतो. म्हणजे पुणतांब्याचा संगीतकार, पालव आडनावाचा नायक आणि गोव्याचा ट्रंपेटवाला यांनी मिळून जॅझ आजीच्या स्वयंपाकघरापर्यंत पोचवले होते. आजी त्याला ‘भगवानचं गाणं’ म्हणत असे आणि त्यावर पोळ्या लाटत असे.

अमेरिकेतून थोर मंडळीही आली. डेव्ह ब्रूबेक १९५८ साली येऊन गेला आणि त्याने ‘कॅलकटा ब्लूज’ केले. ड्यूक एलिंग्टन १९६३ साली आला. नंतरच्या ‘फार ईस्ट स्वीट’ या तबकडीत त्याने दिल्लीच्या साळुंकीला एक रचना दिली आणि आग्र्याला एक. हैदराबादेच्या वाट्याला एकही रचना आली नाही. गौलीगुड्यातले संग्राहक हे अजून विसरलेले नाहीत.

याची भरपाई एका घरच्याच माणसाने केली होती. शंकर-जयकिशन जोडीतले शंकर हैदराबादेत वाढलेले. ‘श्री ४२०’मधल्या गाण्यातले ‘रमैया वस्तावैया’ हे तेलुगू शब्द त्यांच्या तोंडचेच. या जोडीने १९६८ साली ‘रागा-जॅझ स्टाइल’ नावाची लाँगप्ले काढली. अकरा राग, रईस खाँची सतार, आणि सोबत सॅक्सोफोन, ट्रंपेट, ड्रम. तोडी आहे, भैरव आहे, मालकंस आहे. दुकानांत ती पुढे वर्षानुवर्षे फिल्मी तबकड्यांच्या थप्पीत पडून राही, कारण कव्हरावरची नावे फिल्मी होती.

जॅझच्या संग्राहकाने ती त्या काळी अनेकदा हातात घेतलेली असते. जुमेरात बाजारात कोल्ट्रेन उचलण्याआधी भाव पाडण्यासाठी जी तबकडी वर धरून “हे काय, फिल्मी” असे म्हणत परत टाकायची असते, त्या कामाला ही फार सोयीची होती. आज परदेशातले संग्राहक तिच्या मागे आहेत आणि चांगल्या प्रतीचा भाव ब्लू नोटच्या पंगतीला बसतो. म्हणून ती आता लंडनहून मागवली जाते. पार्सल कस्टम्समधून सुटते, कर भरला जातो, आणि वेष्टन उघडल्यावर कव्हराच्या कोपऱ्यात निळ्या शाईतले बाळबोध अक्षर दिसते: मालकाचे नाव, ‘सुलतान बाजार’ आणि तारीख. जागतिक प्रतवारीप्रमाणे या दोषासाठी किमतीत सूट मिळालेली असते.